शाळा खालावते तेव्हा विश्वस्तांनी काय पाहावे?

आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाची सभा पेढ्या बंद झाल्यावर, रात्री नऊच्या सुमारास भरते. चहा येतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते, सर्वजण ‘मंजूर’ म्हणतात. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका सभेपुढे एकच विषय होता : आमच्या आजोबांच्या पिढीने काढलेली मराठी प्राथमिक शाळा बंद करावी काय? पट वर्षानुवर्षे घसरत होता. संचमान्यतेत एक शिक्षक अतिरिक्त ठरला होता आणि दुसऱ्यावर तीच वेळ येऊ घातली होती. ज्या घराण्यांच्या देणगीच्या शिला व्हरांड्यात बसविलेल्या आहेत, त्या घराण्यांतील एकही मूल वर्गात नव्हते. सभेस बसलेल्या आम्हा अकरा जणांपैकी एकाचाही नातू तेथे शिकत नव्हता. हे कोणी बोलून दाखविले नाही, पण ठाऊक सर्वांना होते.

तासभर चर्चा झाली ती इंग्रजी माध्यमाची, रंगरंगोटीची आणि बसगाडीची. अखेर मंडळातील एका ज्येष्ठ भगिनींनी विचारले, “चौथीतल्या किती मुलांना वाचता येते?” मुख्याध्यापकांनी निकालपत्रक पुढे केले. त्यात सर्व मुले वर चढविलेली होती, बहुतेकांना ‘अ’ श्रेणी होती. “हे नव्हे, गुरुजी. वाचता किती जणांना येते?” याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते आणि आमच्यापैकीही कोणापाशी नव्हते.

आपण व्यापारी माणसे. दिवाळीला गोदामातील पोते न पोते मोजल्यावाचून ताळेबंद मांडत नाही, मुनीमजींनी ‘माल भरपूर आहे’ म्हटले म्हणून कोणी सही करीत नाही. पण शाळेच्या बाबतीत आम्ही वर्षानुवर्षे नेमके तेच करीत आलो होतो. इमारतीचा हिशेब पैशापैशाचा, आणि ज्यासाठी ती इमारत बांधली त्याचा हिशेब मात्र शून्य.

पुढच्या आठवड्यात आम्ही मोजणी केली. ‘प्रथम’ ही मुंबईत सुरू झालेली संस्था. तिच्या ‘असर’ पाहणीची रीत साधी आहे. मुलाला एकेकट्याने जवळ बसवायचे आणि एका कागदावरील अक्षरे, सुटे शब्द, सोपा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची लहान गोष्ट यांपैकी तो कुठवर वाचू शकतो ते पाहायचे. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. एका मुलास काही मिनिटे पुरतात. हे काम शिक्षकांनीच केले. आम्ही केवळ सोबत बसलो. चौथीतील निम्म्याहून अधिक मुले गोष्टीपर्यंत पोहोचली नाहीत. काही जण शब्दांवरच अडखळले. एक मुलगा पुस्तक न पाहता धडा घडाघडा म्हणत होता. पान उलटे धरले तरी त्याचे पाठांतर थांबले नाही. आम्हाला हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

अशा वेळी पहिला मोह होतो तो शिक्षकांवर तुटून पडण्याचा. आमच्या एका सहकाऱ्यांनी तो आवरला नाही. भर वर्गात, मुलांदेखत त्यांनी एका बाईंना जाब विचारला. बाईंनी त्याच सायंकाळी राजीनामा लिहून आणला. चिटणीसांनी तो स्वीकारला नाही. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना सोबत घेऊन ते बाईंच्या घरी गेले आणि झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागविली. त्यानंतर मंडळाने एक ठराव केला : विश्वस्त शाळेत जातील ते मुख्याध्यापकांना आधी कळवून, काय पाहायचे ते ठरवून; वर्ग चालू असता शिक्षकास काही बोलणार नाहीत; जे विचारायचे ते सभेत विचारतील.

हा ठराव करताना आमच्या एका भाच्याने लेस्टरहून सांगितलेली माहिती उपयोगी पडली. तेथे तो एका प्राथमिक शाळेचा ‘गव्हर्नर’ आहे. इंग्लंडमध्ये शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळांना असे नियामक मंडळ असते. त्यात पालकांचे, शिक्षकांचे, स्थानिक प्राधिकरणाचे प्रतिनिधी आणि गावातील जाणती माणसे बसतात, बहुधा चार वर्षांच्या मुदतीने आणि विनावेतन. त्यांची मुख्य कामे तीन : शाळेची दिशा ठरविणे, मुलांच्या प्रगतीबद्दल मुख्याध्यापकांकडून उत्तर मागणे आणि पैसा योग्य ठिकाणी खर्च होतो की नाही हे पाहणे. रोजचा कारभार मुख्याध्यापकांचा. गव्हर्नर वर्गात जातो, पण शिक्षकाची परीक्षा घेणारा निरीक्षक म्हणून नव्हे. ते काम 1992 साली स्थापन झालेल्या ‘ऑफस्टेड’ या तपासणी यंत्रणेचे. गरीब मुलांसाठी शाळेला 2011 पासून वेगळा निधी मिळतो; तो कोणत्या मुलांवर, कशासाठी खर्च झाला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे गव्हर्नरांनी विचारावे अशी अपेक्षा असते. शाळा फारच खालावली तर प्राधिकरण सबंध मंडळच हटवून तात्पुरते मंडळ नेमू शकते. म्हणजे तेथे शाळेचे अपयश हे मंडळाचेही अपयश मानले जाते. आपल्याकडे अपयश शिक्षकांचे आणि शिलालेख मात्र विश्वस्तांचा, अशी विभागणी आहे.

आपला कायदा याबाबत मुका नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. 2012 च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांत या समितीचे स्थान केवळ सल्ल्यापुरते उरले. त्यातच जानेवारी 2014 मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा निर्णय दिला. अल्पसंख्याक संस्थेला आपल्या पसंतीचा मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकारही न्यायालयांनी मानला आहे. इतर अनुदानित शाळा सेवाज्येष्ठतेच्या नियमाने बांधलेल्या असतात. आमच्यापैकी काहींना या सगळ्याचा अर्थ असा वाटला की आता पालकांना दाराबाहेर ठेवता येईल. मला तो अर्थ मान्य नाही. विचारणारा कायदा बाजूला झाला म्हणजे स्वतःला विचारण्याची जबाबदारी वाढते. आम्ही समिती ठेवली, आणि तिच्या बैठकीची वेळ पालकांच्या सोयीची केली.

त्या बैठकींतच खरे कारण हाती लागले. हजेरीपट महिन्याच्या टक्केवारीने पाहिला तर ठीक दिसत होता. एका पालक-सदस्या बाईंनी तो वारवार पाहायला लावला. सोमवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी, तिसरी-चौथीच्या मुली जवळजवळ निम्म्या गैरहजर. का? त्या दिवशी बाजारपेठेतील आडत दुकानांत धान्य निवडायला जास्तीच्या बायका लागतात. आई पहाटे कामावर गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते. हंगामात तर हे आठवड्यातून तीन-तीन दिवस चाले. ती आडत दुकाने कोणाची, हे निराळे सांगायला नको. त्यांतले एक माझेच होते. माझ्या गोदामात आई तूर निवडीत होती, तिची मुलगी त्यामुळे घरी बसत होती, आणि ती वाचू शकत नाही म्हणून मी सभेत शिक्षकांना दोष देत होतो.

उपाय फार मोठा नव्हता. पट घसरल्यामुळे रिकाम्या पडलेल्या दोन खोल्यांपैकी एकीत बालवाडी सुरू केली; सकाळी आठपासून आई परतेपर्यंत लहान मुले तेथे राहतात. एका मदतनीस बाईंचे मानधन संस्था देते, दूध-फळांचा खर्च पाच दुकानांनी वाटून घेतला. मुलगी धाकट्याला काखेत घेऊन येते, त्याला बालवाडीत सोडते आणि आपल्या वर्गात जाते. पहिल्या काही महिन्यांत सोमवारची हजेरी इतर वारांच्या जवळ आली.

शिकविण्याची घडी शिक्षकांनी स्वतः बदलली, आमच्या सूचनेने नव्हे. रोज दीड तास तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेप्रमाणे न बसता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतात : अक्षरे ओळखणारी एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, गोष्ट वाचणारी एकत्र. पाचवीतल्या मुलाला तिसरीतल्या मुलांबरोबर बसण्याचा संकोच वाटे. त्यावर गुरुजींनी गटांना इयत्तेऐवजी नद्यांची नावे दिली. मंडळाने दोनच गोष्टी केल्या. एक, शिक्षकांचा जो वेळ नोंदवह्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जात होता त्यासाठी आमच्या पेढीवरील संगणक जाणणारा एक तरुण आठवड्यातून दोन दुपारी शाळेत पाठविला. दुसरी, गोष्टींची पुस्तके घेतली. यासाठी एका दात्यांशी थोडा वाद झाला. त्यांना वडिलांच्या नावे प्रवेशद्वाराची कमान हवी होती. पुस्तकांच्या कपाटावरही नाव घालता येते, असे त्यांना समजावता समजावता दोन बैठका गेल्या. कपाटाचे कुलूप उघडे राहील, ही अट मात्र त्यांनीच घातली. पुस्तके फाटली तर फाटू देत, म्हणाले.

नेमणुकांविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण हा विषय टाळला की बाकीचे सारे लिहिणे पोकळ ठरते. जागा भरताना देणगीचा विचार करणाऱ्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ज्याने रक्कम देऊन जागा मिळविली, त्याला पुढे तीस वर्षे कोणी प्रश्न विचारू शकत नाही, आणि मुलांच्या तीस तुकड्या त्याच्या हाताखालून जातात. एका अशा व्यवहाराची किंमत इतकी आहे.

आमची शाळा सावरली, असे मी म्हणणार नाही. पट अजून कमी आहे. मराठी माध्यमाकडे पाठ फिरविणारा प्रवाह आमच्या एका गावाने थांबणारा नाही, आणि आमच्या घरांतील मुले अजूनही बसने शहराकडे जातात. अतिरिक्त ठरलेले गुरुजी दुसऱ्या शाळेत समायोजित झाले. ते उत्तम शिकवीत, आणि त्यांना ठेवून घेता आले नाही याची खंत आहे. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 90 पर्यंत तीन, हे गणित आम्ही बदलू शकत नाही.

बदल झाला तो सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत. इतिवृत्तानंतरचा पहिला विषय आता वाचनाच्या तक्त्याचा असतो. मुख्याध्यापक उभे राहून कोणत्या गटातून किती मुले पुढे सरकली ते सांगतात, आणि जी सरकली नाहीत त्यांची नावे घेऊन सांगतात. गेल्या सभेत अशी सहा नावे होती. त्यांतील दोन मुले बांधकामावरच्या कुटुंबांची, मध्येच गाव सोडून गेलेली. एका मुलीला फळ्यावरचे नीट दिसत नव्हते, तिच्या चष्म्याची व्यवस्था झाली आहे. उरलेल्या तिघांबाबत बाईंनी आणखी दोन महिने मागितले आहेत. शाळा बंद करण्याचा ठराव इतिवृत्तात अजून तसाच आहे, शेऱ्यात ‘तहकूब’ असे लिहिलेला.