चुकलेल्या उत्तराचा माग

५२ वजा २७. मुलाने लिहिले ३५. वहीत लाल फुली पडते आणि विषय संपतो. पण हे ३५ दोन वाटांनी येते. एखादे मूल ‘मोठ्यातून लहान वजा’ एवढेच धरून एककस्थानी सातातून दोन काढते. दुसरे मूल दशक सुटा करून बारातून सात नीट काढते, पण दशकस्थानच्या पाचाचे चार करायला विसरते. पहिल्याला हातच्याची वजाबाकी कळलेलीच नाही, दुसऱ्याची एकच पायरी निसटली आहे. दोघांना तोच धडा गिरवायला लावून काय साधणार?

शिकणाऱ्यानुसार बदलणाऱ्या संगणक प्रणाली इथेच कामाला येतात. अशी प्रणाली पुढे विचारते, ६३ वजा २९. आता पहिले मूल ४६ म्हणेल, दुसरे ४४. चूक कुठली, ते उघडे पडते. वजाबाकीतल्या अशा चुकांची उकल जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये ‘बगी’ प्रणालीतून मांडली. १९९०च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी संभाव्यतेचे गणित वापरले. बरोबर उत्तर अंदाजाने आलेले असू शकते, चुकीचे उत्तर नजरचुकीने. म्हणून एका उत्तरावर निकाल न देता, ‘हे कौशल्य आले’ याची शक्यता दर उत्तरागणिक बदलत जाते.

दिल्लीत २०१५ मध्ये ‘माइंडस्पार्क’ या अशाच प्रणालीची चाचणी झाली. शाळेनंतरच्या केंद्रांत मुले ४५ मिनिटे संगणकावर आणि ४५ मिनिटे शिक्षकासोबत गटात बसत. साडेचार महिन्यांत, प्रवेशाच्या लॉटरीत नंबर न लागलेल्या मुलांपेक्षा ती गणित आणि हिंदीत पुढे गेली. श्रेय एकट्या यंत्राचे नाही, हे त्या वेळापत्रकावरूनच दिसते.

प्रत्येकाला त्याच्या पातळीनुसार कसे शिकवावे, हा प्रश्न नाशिककरांना ओळखीचा वाटावा. १९८९ मध्ये इथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. मध्येच शाळा सुटलेली गृहिणी आणि पाळी संपवून आलेला कामगार, दोघांसाठी शिक्षणाचे दार उघडले. पण कुणाची घागर किती भरलेली आहे, हे छापील पुस्तकाला कळत नाही. ते ओळखणारे साधन मराठीत हवे, तर आधी मराठी मुलांच्या चुका गोळा करून त्यांवर प्रश्न बेतावे लागतील. ते काम शिक्षकांचेच.

तोवर पालकांनी एक करावे. शिकण्याचे ॲप विकत घेण्याआधी मुद्दाम चुकीचे उत्तर द्यावे. नुसतीच फुली आली, तर पैसे जपून ठेवावेत.