सोंगट्या गेल्या मोबाईलमध्ये!

मे महिन्यातली वाडीची दुपार तुम्हांला वेगळी सांगायला नको. अमरावती रोडवरचे ट्रकसुद्धा दमल्यासारखे वाटतात, कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी भरून होतं, ‘पोट्टेहो, उन्हात जाऊ नका’ हे दहादा सांगून होतं. मग प्रश्न उरतो एकच. यांना संध्याकाळपर्यंत घरात बसवायचं कसं? आपल्या आयांनी हे काम कॅरम, सापशिडी, लुडो आणि ‘नवा व्यापार’ यांच्यावर सोपवलं होतं. आता ते मोबाईलकडे गेलं आहे. आणि उघडून बघावं, तर मोबाईलमध्येही लुडोच! मग बिघडलं कुठे, असं तुम्ही विचाराल.

तसा लुडो मूळचा आपलाच. आपल्या पचिसीचा पट इंग्रजांनी नेला, आटोपशीर केला, कवड्यांच्या जागी चौकोनी फासा आणला आणि १८९६ मध्ये विलायतेत त्याचं पेटंटही घेतलं. सापशिडीची गोष्टही तशीच. आपल्याकडे तिला मोक्षपट म्हणत आणि परंपरा तिचं नाव ज्ञानेश्वरांशी जोडते. पुढे २०१६ मध्ये नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने ‘लुडो किंग’ काढला आणि साहेबाच्या घरी गेलेला पट आपल्या हातातल्या काचेवर परत आला. २०२० च्या टाळेबंदीत तर घरोघरी तोच. गंमत बघा, त्याच दिवसांत दूरदर्शनवर जुनं ‘महाभारत’ पुन्हा लागलं होतं. समोर पांडव द्यूत हरताहेत आणि सोफ्यावर आपली मंडळी सहा पडत नाही म्हणून कपाळाला हात लावताहेत!

त्या दिवसांत या खेळाने उपकारच केले, हे मान्य करायला हवं. पुण्यात अडकलेली लेक, बंगलोरचे भाऊजी आणि इथली आजी एकाच पटावर बसली. आकड्यांचा एक कोड पाठवला की झालं. आजीबाई चष्मा पुसून नातीची सोंगटी मारायच्या, तेव्हा दूर असलेलं माणूस तेवढ्यापुरतं घरात आल्यासारखं वाटे. लेकरं परगावी असतील तर हा खेळ अजूनही जरूर खेळा.

पण एकाच घरात, एकाच चटईवर बसलेल्या चौघांनी तो खेळावा का? इथे मात्र माझं मत वेगळं आहे.

मोबाईलवर बोट लावलं की फासा आपोआप फिरतो, सोंगटी आपोआप घरं मोजत जाते, मेलेली सोंगटी आपोआप घरी परतते. म्हणजे मुलाने करायचं ते सगळं यंत्रच करतं. पहिलीतलं पोर ‘एक, दोन, तीन’ म्हणत बोटाने घरं मोजतं, पाचाच्या जागी सहा घरं सरकतं, ताई ओरडते, रडीचा डाव होतो, आजी निवाडा देते. आपल्याला तो गोंगाट वाटतो. पण पोराची बेरीज त्या गोंगाटातच पक्की होते, आणि हरल्यावर पट उधळायचा नाही हेही तिथेच कळतं.

व्यापाराच्या खेळाचं तेच. त्याचा विलायती भाऊबंद मोनोपॉली. २००६ मध्ये त्याची एक नवी आवृत्ती आली. नोटा गायब, त्याऐवजी बँकेसारखं कार्ड आणि ते सरकवायचं छोटं यंत्र. भाडं किती, शिल्लक किती, सगळं यंत्र सांगणार. आता सांगा, आपल्याकडे व्यापारात बँक कोणाकडे असायची? घरातल्या सगळ्यांत हिशेबी मुलाकडे, आणि त्या मानासाठी भांडणं व्हायची! पाचशेची नोट घेऊन एकशे ऐंशी कापून उरलेले परत द्यायचे, हे मुलगी तिथे शिके. तीच पुढे किराणा दुकानात फसत नाही. यंत्रवाला खेळ घरात आलाच असेल तर यंत्र कपाटात ठेवा आणि जुन्या व्यापारातल्या नोटा काढा.

मोबाईलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती घरखर्चाशी थेट जोडलेली आहे. लुडोच्या नावाखाली पैसे लावून खेळायचे ॲप निघाले होते. दहा रुपयांपासून सुरुवात, मग शंभर, मग पगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून असे पैशांचे ऑनलाईन खेळ बंद केले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्यात ठेवलेला नाही. शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून घरातलं कोणी त्यात बुडालं असेल तर लाजेने झाकून ठेवू नका. कोणी दुवा पाठवून ‘इथे अजून चालतं’ म्हणत असेल तर हात लावू नका, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात. मुलांच्या हाती फोन देताना नेट बंद करून द्या. लुडो किंग नेटशिवायही चालतो, आळीपाळीने एकाच फोनवर खेळता येतो. आणि यूपीआयचा पिन मुलांसमोर दाबायचा नाही, म्हणजे नाही.

आता यंदाच्या सुट्टीसाठी बिनखर्चाचं सांगते. अष्टाचंगा. चिंच कोळल्यावर चिंचोके टाकू नका. धुऊन वाळवा, अडकित्त्याने दोन फाका करा, चार फाका झाल्या की झालं. एक बाजू पांढरी, एक काळपट. पांढऱ्या जितक्या पडतील तितकं दान, चारही पांढऱ्या म्हणजे चंग, चार. चारही काळ्या म्हणजे अष्ट, आठ. मोठ्या मुलांना एक कोडं घाला, चंग आणि अष्ट इतके क्वचित का पडतात? दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर चार फाका सोळा प्रकारे पडू शकतात. त्यांत दोनाचं दान सहा वेळा, एकाचं आणि तिनाचं चार-चार वेळा, चंग एकदा आणि अष्टही एकदाच. लुडोच्या फाशात सगळी दानं सारखी, इथे तसं नाही. चंग पडल्यावर घर डोक्यावर घेतात ते उगीच नाही!

पट खडूने फरशीवरच आखा, पाच आडवी आणि पाच उभी, अशी पंचवीस घरं. मधल्या घरावर आणि चारही बाजूंच्या मधोमध फुली. फुलीवर सोंगटी मरत नाही. सोंगट्यांना वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे, प्रत्येकाला एका रंगाचे चार. टोकं मात्र दगडावर घासून घ्या, आणि रांगतं बाळ घरात असेल तर तुकड्यांऐवजी चार खडूच द्या, चिंचोकेही खेळ संपला की डब्यात.