सोवळे नको, स्वच्छतेचे प्रशिक्षण हवे

अन्न कुणाच्या हातचे आहे, हा प्रश्न या देशात शतकानुशतके विचारला गेला. ते हात धुतलेले आहेत काय, हे मात्र विचारले गेले नाही. राज्यघटनेच्या कलम १५ (२) ने उपाहारगृहांचे दार सर्वांना उघडले, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु दार उघडले ते गिऱ्हाईकासाठी. आतल्या भटारखान्यातली उतरंड अनेक ठिकाणी तशीच आहे. कुणी चुलीपाशी, कुणी मोरीपाशी!

जंतू जात पाहत नाहीत. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तासन्‌तास पडून राहिले, कच्च्या मटणाची सुरी न धुता कोशिंबिरीला लावली, शौचाहून आल्यावर साबणाने हात धुतले नाहीत, तर सोवळ्यातला स्वयंपाकही माणसाला आजारी पाडतो. स्वच्छता जन्माने येत नाही, ती शिकावी लागते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला, २०११ पासून लागू झाला. २०१७ मध्ये 'फॉस्टॅक' हा प्रशिक्षण व प्रमाणपत्राचा कार्यक्रम आला. परवानाधारक व्यवसायात दर २५ अन्न हाताळणाऱ्या कामगारांमागे किमान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असे त्याचे सूत्र आहे. सूत्र चांगले आहे. पण प्रमाणपत्र मॅनेजरच्या नावाने भिंतीवर लागते आणि भांडी घासणारा पोरगा कोराच राहतो, त्याचे काय?

दुसरी गोष्ट. जुलाब, कावीळ, ताप असलेल्याने अन्नाला हात लावू नये, असे नियम सांगतात. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली की घरची चूल थंडावते, तो आजार लपवणारच. म्हणून आजारपणाची पगारी रजा हीसुद्धा अन्न सुरक्षाच आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल सादर झाला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला. हा वारसा हॉटेल कामगारांपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळवाल्यांना नावाच्या पाट्या लावायला सांगितले गेले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते ते लिहा, मालक-नोकरांची नावे लिहिण्याची सक्ती नको, असे न्यायालयाने म्हटले. पाटीवर आडनाव कशाला? आडनावावरून स्वच्छता कळत नाही!

आमचे म्हणणे सरळ आहे. प्रशिक्षण मोरीवरच्या कामगारापर्यंत न्या. ते मराठीतून, कामाच्या वेळेत, मालकाच्या खर्चाने द्या. प्रमाणपत्र कामगाराच्या हाती द्या, म्हणजे नोकरी बदलली तरी ते त्याच्याबरोबर जाईल. हॉटेलात, केटरिंगमध्ये राबणाऱ्या आमच्या तरुणांनी हे मागून घ्यावे. ज्या हातांना विटाळ मानले गेले, त्या हातांत कौशल्याचा कागद असला पाहिजे.