केडगावची साक्ष

दुःखात सापडलेल्या माणसाने देवाशी भांडावे का? बायबल म्हणते, खुशाल भांडावे. मुलेबाळे, गुरेढोरे आणि आरोग्य गमावलेला ईयोब देवालाच जाब विचारतो. समाचाराला आलेले मित्र हे त्याच्याच पापाचे फळ मानतात. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रांत विलाप आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हे दुःख टळावे म्हणून विनवणी केली. ख्रिस्ती भरवसा तो हाच: भीती वाटते, रडू येते, पण ते गाऱ्हाणे देवाच्याच दारी न्यायचे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, दौंड तालुक्यातल्या केडगावात या भरवशाची मोठी साक्ष आहे, ती पंडिता रमाबाईंची. त्यांचा जन्म १८५८चा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ ही उरलेली दोन भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडीत पुरेसे पांघरूण नव्हते, तेव्हा दोघे वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढत. पुढे १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पतीही गेले, आणि पदरात लहानगी मनोरमा राहिली.

१८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेवढ्याने मन निवांत झाले नाही. खरा विसावा त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. एवढ्या प्रामाणिक कबुलीमुळेच त्यांच्या शब्दाला वजन आहे. विश्वास एका दिवसात पिकत नाही.

१८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमार काय असते हे ठाऊक असलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून मुलींना केडगावच्या आपल्या जमिनीवर ठेवले. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, मुक्ती सदन उभे राहिले. प्रार्थना आणि कुदळ तेथे एकत्रच चालत. देवावर भार टाकून हात जोडून बसणे रमाबाईंना कधी मानवले नाही.

जुलै १९२१मध्ये मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. एकुलत्या एका लेकीच्या मृत्यूनंतरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. केडगावच्या छापखान्यात छापलेले ते बायबल १९२४मध्ये वाचकांच्या हाती आले.