चालत्या दगडांची नदी

जर्मनीत ऱ्हाइन नदीवरचं इफेत्सहाइमचं धरण सत्तरच्या दशकात उभं राहिलं आणि 1978 पासून त्या धरणाच्या खालच्या अंगाला नदीत मुद्दाम रेती आणि गोटे ओतायला सुरुवात झाली. दरवर्षी सरासरी दीड लाख घनमीटरहून जास्त माल तिथे बोटींतून पात्रात सोडला जातो. वाळूउपशाच्या बातम्या वाचायची सवय झालेल्या आपल्याला हा उफराटा उद्योग वाटेल, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. वाहत्या पाण्याची बरीच ताकद गाळ आणि दगड वाहून नेण्यात खर्ची पडते. धरण हा माल अडवून ठेवतं आणि नुसतं पाणी पुढे सोडतं. ओझं उतरलेलं ते पाणी मग पुढच्या पात्रातूनच नवा माल उचलू लागतं. तळ खोल जातो, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात, आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते. अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथायस कोंडोल्फ यांनी 1997 साली अशा पाण्याला ‘भुकेलं पाणी’ म्हटलं. ऱ्हाइनमध्ये ही भूक भागवली जाते ती मुख्यतः जहाजांची वाट शाबूत राहावी म्हणून. माशांची काळजी त्यात नंतर आली. तरीही नदीच्या पुनरुज्जीवनाचा विषय इथूनच सुरू करावा असं मला वाटतं, कारण पुनरुज्जीवनाच्या बहुतेक आराखड्यांत पाणी असतं, झाडं असतात, पायवाटा असतात. दगड मात्र कुठे नसतात.

नदीतला अधिवास कुणी मांडून ठेवलेला नसतो. डोह, खळाळ, वाळूचा पट्टा, काठाखालची कपार, पुरात तुटून आडवं पडलेलं झाड ही सगळी पाण्याने आणि गाळाने केलेली, पुन्हा मोडलेली आणि पुन्हा केलेली रचना असते. ही घडामोड थांबली की अधिवास काही वर्षं दिसायला तसाच राहतो आणि आतून मरत जातो. म्हणून नदी दुरुस्त करणाऱ्या पर्यावरणशास्त्रज्ञाचं पहिलं काम म्हणजे पात्रातले दगड पुन्हा हलते करणं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसा पूर, वरून येणारा माल, आणि दोघांना पसरायला जागा. या लेखात मला एवढंच सिद्ध करायचं आहे. त्याच्यावर घेतले जाणारे आक्षेप मात्र बरेच आहेत आणि त्यांतले काही चांगलेच वजनदार आहेत.

आधी दगडांमधल्या फटींबद्दल थोडं विस्ताराने बोलतो, कारण नदीचं खरं घरदार तिथे आहे. सामन माशाची मादी गोट्यांच्या उथळ पट्ट्यात शेपटीचे फटकारे मारून खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरच्या बाजूचे गोटे उकरून ती झाकून टाकते. पुढचे काही आठवडे, कधी काही महिने, ती अंडी दगडांखालच्या अंधारात असतात. तिथे ती जगतात, कारण नदीचं पाणी फक्त वरून वाहत नाही. खळाळाच्या सुरुवातीला ते तळात शिरतं, गोट्यांमधून वाट काढत प्राणवायू पोहोचवतं आणि पुढे कुठेतरी वर येतं. फटींत बारीक माती भरली की हा प्रवाह बंद पडतो आणि अंडी गुदमरतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या कीटकांच्या अळ्याही याच फटींत राहतात आणि बहुतेक माशांची पंगत त्यांच्यावरच उठते. फटी धुऊन काढायला दगड अधूनमधून हलावे लागतात. फार हलले तर अंडी चिरडतात, अजिबात हलले नाहीत तर बुजतात. आपल्याकडचा मळ्या मासा घ्या. त्याच्या तोंडामागे चकतीसारखा अवयव असतो. त्याने खडकाला चिकटून तो वेगवान पाण्यात तग धरतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. गाळाने लिंपलेला दगड त्याच्या काय कामाचा? या माशाचं आणि दख्खनच्या महासीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स यांनी 1839 साली प्रसिद्ध केलं. महासीरचा त्यांचा नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला होता. शास्त्रीय नावं देताना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं उचलली: खुद्री, मुल्या, पोटैल. खडकवासल्याचं धरण व्हायच्या कितीतरी आधीची ही नोंद आहे. एवढा जुना दाखला हाताशी आहे, आणि नदीसुधारणेच्या आपल्या चर्चेत त्याचा उल्लेखही होत नाही याचं मला नवल वाटतं.

या कामात शास्त्रज्ञ दिवसभर करतात काय, तर मोजतात. गॉर्डन वोलमन यांनी 1954 साली सुचवलेली पद्धत आजही रूढ आहे. पात्रात पाऊल टाकायचं, खाली न बघता बोटाला लागेल तो दगड उचलायचा, त्याची मधली रुंदी मोजायची, आणि असे निदान शंभर दगड मोजायचे. एवढ्या साध्या कसरतीतून त्या पात्रातले कोणते गोटे केवढ्या पुरात हलतील याचा अंदाज बांधता येतो. काही दगडांत छोट्या रेडिओ चकत्या बसवून ते नदीत सोडतात आणि पूर ओसरल्यावर कुठवर गेले ते शोधतात. पायाने तळ ढवळून खालच्या जाळ्यात आलेले कीटक मोजले जातात. यातली खरी मेख म्हणजे हे सगळं काम सुरू होण्याच्या आधी, झाल्यावर, आणि हात न लावलेल्या दुसऱ्या तशाच नदीवरही करावं लागतं. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय प्रकल्पाला जातं. ही शिस्त किती विरळा आहे हे एमिली बर्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवून दिलं. अमेरिकेतल्या 37 हजारांहून अधिक प्रकल्पांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तर जेमतेम दहा टक्क्यांत नंतरच्या मोजमापाचा उल्लेख सापडला. उरलेल्यांनी उद्घाटन केलं आणि ते पुढच्या कामाला लागले.

मोजमापाची शिस्त पाळली तर काय कळतं याचं माझ्या मते सर्वांत देखणं उदाहरण एल्वा नदीचं आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली ही जेमतेम 72 किलोमीटरची नदी. तिच्यावर 1913 आणि 1927 साली दोन धरणं झाली. माशांना वर जायला वाट ठेवली नाही, आणि लाखांच्या घरातले सामन काही हजारांवर आले. लोअर एल्वा क्लालम या तिथल्या आदिवासी जमातीचं अन्न गेलं, आणि त्यांच्या उत्पत्तिकथेतलं पवित्र स्थळही जलाशयाखाली गेलं. 1992 साली कायदा झाला, तरी हातोडा पडायला सप्टेंबर 2011 उजाडला. खालचं धरण 2012 च्या वसंतात संपलं आणि 64 मीटर उंचीचं वरचं धरण ऑगस्ट 2014 मध्ये. दोन्हींमागे मिळून सुमारे 2 कोटी 10 लाख घनमीटर गाळ साठलेला होता. तो खणून वाहून न्यायचा की नदीलाच नेऊ द्यायचा, हा खरा प्रश्न होता. उत्तर मिळालं ते नदीच्या बाजूने. धरण थोडं उतरवायचं, थांबायचं, मासे चढून जाण्याच्या हंगामात गढूळपणा कमी राहील असं बघायचं, मग पुढचा थर काढायचा. वर उघड्या पडलेल्या जमिनीवर स्थानिक रोपं लावली आणि बियाणं पेरलं. खालचं काम मात्र गाळावर सोपवलं.

हा मार्ग गुळगुळीत नव्हता. गाळ आणि काडीकचरा पाणी उचलणाऱ्या केंद्रात भरला, तेव्हा धरणतोड सुमारे वर्षभर थांबवावी लागली. समुद्रातली केल्पची जंगलं गढूळ पाण्यात मेली आणि पाणी निवळल्यावर परतली. वरच्या धरणाच्या जागी कोसळलेल्या मोठ्या दगडांनी माशांची वाट अडवली, ते सुरुंगाने फोडावे लागले. पण खालचं धरण गेल्यावर काही महिन्यांतच चिनूक सामन त्या जागेच्या वर पोहोचले. मोठ्या दगडांचा खडबडीत तळ रेती-गोट्यांनी मऊ झाला, पात्र वाटा बदलू लागलं, झिजत चाललेल्या मुखाशी नवा किनारा तयार झाला. सगळ्यांत मोठा धक्का स्टीलहेडनी, म्हणजे समुद्रात जाऊन परतणाऱ्या ट्राउट माशांनी दिला. धरणांच्या वर अडकून पडलेल्या ट्राउटच्या पिढ्या जवळजवळ शतकभर समुद्र विसरल्या होत्या. वाट मोकळी होताच त्यांच्यातून उन्हाळी स्टीलहेड पुन्हा समुद्राकडे जाऊ-येऊ लागले. ते उबवणी केंद्रातून आणून सोडलेले नव्हते. 2023 च्या शरदात क्लालम लोकांनी कोहो सामनची छोटी, पारंपरिक मासेमारी पुन्हा केली.

आता पहिला वजनदार आक्षेप. मार्गारेट पामर आणि सहकाऱ्यांनी 2010 साली अशा 78 प्रकल्पांचा आढावा घेतला, ज्यांत पात्रात दगड, वळणं, खळाळ परत आणले होते. त्यांतल्या फक्त दोनांत कीटकांची विविधता ठामपणे वाढलेली दिसली. मग दगडांचं एवढं स्तोम कशाला? माझ्या मते हा निष्कर्ष माझ्याच बाजूने साक्ष देतो. त्या प्रकल्पांत बहुधा दगड यंत्राने आणून मांडलेले होते. वरून येणारं सांडपाणी आणि डांबरी शहरांतून उसळणारे लोंढे तसेच होते. कॅलिफोर्नियातल्या उव्हास ओढ्यावर 1995 च्या अखेरीस नकाशाबरहुकूम सुबक नागमोडी वळणं बांधली होती. फेब्रुवारी 1996 च्या पुराने ती पुसून टाकली. याउलट फ्लोरिडातली किसिमी नदी बघा. साठच्या दशकात तिची 166 किलोमीटरची वळणं सरळ करून 90 किलोमीटरचा कालवा केला होता. 1999 ते 2021 या काळात त्या कालव्याचा मधला भाग पुन्हा बुजवला आणि पाणी जुन्या पात्रात वळवलं. तळावर साचलेला कुजका थर प्रवाहाने स्वतः धुऊन नेला आणि वाळूचे पट्टे परत आले. ते कुणी बांधले नव्हते. तिथेही सगळं जमलं असं नाही, पाण्यातला प्राणवायू अधूनमधून घसरतोच. पण पाणपक्षी आणि बदकं अपेक्षेपेक्षा जास्त परतली.

पार्श्वभूमी म्हणून नोंदवायचं तर युरोपीय संघाने 2000 साली पाणीविषयक चौकट आखली आणि 2024 च्या कायद्याने 2030 पर्यंत 25 हजार किलोमीटर नद्या अडथळामुक्त करायचं ठरवलं. आपल्याकडे राष्ट्रीय नदी संवर्धन योजना आणि गंगेचं अभियान आहे. लक्ष मुख्यतः सांडपाण्यावर आहे, ते रास्तही आहे. इतकं पुरे.

सांडपाण्याचा मुद्दा मात्र झटकता येणार नाही. आधी पाणी स्वच्छ करा, मग माशांचं बघू, असं म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. मैल्याची बुळबुळीत साय फटी बुजवते आणि प्राणवायू खाते. तिथे कितीही गोटे टाकले तरी ते गटारातले गोटे. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. शुद्ध केलेलं पाणी सिमेंटच्या नळीतून वाहिलं तर ती स्वच्छ नळी होते. दुसरा आक्षेप असा की आपल्या नद्या कातळावरच्या, चार महिन्यांच्या; त्यांना विलायती नियम कसे लागू होतील? याला निघोजला कुकडी नदीने परस्पर उत्तर देऊन ठेवलं आहे. तिथले रांजणखळगे भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडांनीच कातळात कोरले. पावसाळी नदीत तर दगड चालण्याचे दिवस मोजके असतात, त्यामुळे प्रत्येक पुराचं मोल वाढतं. महाराष्ट्राने डोह राखले, ही आपली मोठी पुण्याई. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडीत देवीचे म्हणून महासीर आजही सुखरूप आहेत. पण डोह मोठ्या माशांना आसरा देतो. अंड्यांना वाहतं पाणी आणि गोटे लागतात. ती वाट बंद असेल तर उरतो तो उबवणी केंद्राचा मार्ग. लोणावळ्याच्या वळवण केंद्राने दख्खनी महासीरची लाखो पिल्लं वाढवली, ते श्रेय त्याचंच. तीच जात दूर कावेरीत सोडली गेली, तेव्हा तिथला मूळचा कुबड्या महासीर मागे हटत गेला आणि आज तो नामशेष होण्याच्या कड्यावर आहे. नदी दुरुस्त करण्याऐवजी मासे सोडण्याची ही किंमत आहे.

पुराची भीती हा तिसरा आक्षेप. काठ बांधले नाहीत तर वस्तीत पाणी शिरेल, असं म्हणतात. म्युनिकने 2000 ते 2011 या काळात ईसार नदीच्या आठ किलोमीटरवर याचं उत्तर दिलं. पूरसुरक्षा हाच एक मुख्य हेतू ठेवून काठांची फरसबंदी काढली, पात्र रुंद केलं, मागचे पूरबांध भक्कम केले आणि मधे गोट्यांची बेटं नदीला हवी तशी हलू दिली. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटर पात्राच्या काठांचं काम महापालिकेने हाती घेतलं आहे. त्याचा कस लावायचा तर पदपथ किती झाले हे विचारू नये. निळ्या पूररेषेच्या आत पात्राला सरकायला किती मीटर जागा उरली, हे विचारावं. माझ्या मते पात्र अरुंद करून झालेलं कोणतंही सुशोभीकरण अधिवासाच्या खात्यात जमा धरता येणार नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. धरणं तोडणं आपल्याला परवडणार नाही. पुण्याची तहान खडकवासल्यावर आहे. मान्य. एल्वाची धरणं जुनी आणि कमी उपयोगाची होती, आपली तशी नाहीत. पण धरण ठेवूनही दगड पुढे पाठवता येतात. स्वित्झर्लंडमध्ये सारीन नदीवर रोसांच्या धरणाखाली सप्टेंबर 2016 मध्ये हजार घनमीटर रेती-गोट्यांचे चार ढीग काठांलगत रचले आणि धरणातून कृत्रिम पूर सोडून ते नदीला वाहू दिले. दगडांत चकत्या बसवलेल्या होत्या, त्यामुळे कोणता कुठवर गेला हे नंतर मोजता आलं. हजार घनमीटर म्हणजे साधारण शे-सव्वाशे डंपर. आपल्याकडे 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत जलाशयांतली माती शेतांवर जाते, ते योग्यच आहे. जलाशयाच्या शेपटाकडे, नदी आत शिरते तिथे जाडी रेती आणि गोटे साठतात. शेतकऱ्याला त्यांचा उपयोग नाही, बांधकामवाल्याला आहे. त्यातला एक हिस्सा पावसाळ्याआधी धरणाखाली ठेवावा, पहिल्या मोठ्या विसर्गाबरोबर जाऊ द्यावा, आणि वर एक, खाली दोन ठिकाणी आधी-नंतर दगड, कीटक आणि मळ्ये मोजावेत. हे पुण्याच्या वर, सांडपाणी मिसळण्याआधीच्या मुठेत करून बघण्यासारखं आहे. त्यासाठी नवा कायदा किंवा नवं यंत्र लागणार नाही. विसर्गाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या अभियंत्याला आणि नदीत उतरून दगड मोजणाऱ्या जीवशास्त्रज्ञाला मे महिन्यात एका टेबलाशी बसवावं लागेल.