बाटलीतले पाणी कोणी नासवले?
घरगुती अळंबीसाठी लिक्विड कल्चर निर्जंतुक कसे ठेवावे



पावसाळा मुरला, की आपल्या जोयडा तालुक्याच्या रानात वारुळांवर अळंबी उगवतात. गोव्याकडे यांनाच रोयणीची अळमी म्हणतात व बाजारात त्यांना चांगला भाव येतो. साहजिकच कित्येकजण विचारतात, ‘हीच अळंबी घरी लावता येणार नाही का?’ येणार नाही. कारण तिची शेती मुळी वाळवी करते. वारुळाच्या पोटात वाळवी लाकूड व पाला चावून स्पंजासारखा थर रचते, त्यावर ही एकच बुरशी वाढवते आणि दुसऱ्या बुरशीला डोके वर काढू देत नाही. हा थर वाळवीपासून वेगळा काढून ठेवला, तर थोड्याच दिवसांत त्यावर भलतीच बुरशी माजते. निंदणी थांबली, की तण आलेच.

आपल्या घरी वाढते ती धिंगरी अळंबी. भाताच्या पेंढ्यावर अशी अळंबी वाढवण्याची पद्धत आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, झकिया बानो व श्रीवास्तव यांनी १९६२ साली मांडली. धिंगरी लावणाऱ्याला वाळवीचे ते निंदणीचे काम स्वतः करावे लागते, आणि ते पिशवी भरण्याच्या कितीतरी आधी, बियाण्यापासूनच सुरू होते. अलीकडे काहीजण बियाणे घरीच तयार करू लागले आहेत व त्यासाठी ‘लिक्विड कल्चर’ वापरतात. त्याविषयी आज थोडे विस्ताराने पाहू.

लिक्विड कल्चर म्हणजे काय?

पाण्यात थोडा मध किंवा साखर घालून ते निर्जंतुक करावयाचे, व त्यात अळंबीच्या बुरशीचे तंतू सोडावयाचे. आठ-दहा दिवसांत पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके तरंगू लागतात. हे पाणी सिरिंजने शिजवलेल्या व निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या बाटल्यांत सोडले, की ज्वारी पांढरी होते. हीच ज्वारी म्हणजे आपले बियाणे, अर्थात स्पॉन. धान्यावर बियाणे करण्याची ही रीत अमेरिकेतील सिंडेन यांनी १९३२ साली काढली.

आता हिशेब पाहा. २०० मिलिलिटर कल्चर असेल व दर बाटलीला ५ मिलिलिटर घातले, तर पाव-पाव किलो ज्वारीच्या ४० बाटल्या होतात. १० किलो ओल्या पेंढ्याला २०० ते ३०० ग्रॅम बियाणे लागते. म्हणजे एका बाटलीभर पाण्यावर सुमारे ४०० किलो ओला, म्हणजेच जवळजवळ १०० किलो वाळका पेंढा अवलंबून असतो. तेच पाणी नासके निघाले, तर ज्वारी गेली, जळण गेले, आणि गुरांच्या तोंडचा पेंढाही गेला.

घट्ट माध्यमावर किंवा धान्यावर कीड पडली, तर ती एका कोपऱ्यात हिरवी-काळी दिसते व बाजूला काढता येते. पाण्यात तसे नाही. एक जंतू शिरला, की रोज बाटली हलवताना आपणच त्याला सगळीकडे पोहोचवतो.

हवा यावी, धूळ येऊ नये

१८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी नासणारे सार बगळ्याच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळून ठेवले. नळी उघडी होती, हवा आत जात होती, तरी सार नासले नाही, कारण धूळ नळीच्या बाकात अडकून राहिली. चंबू तिरका करून सार त्या धुळीला लावले, तेव्हा मात्र ते नासले. आपल्या बाटलीचे झाकण हेच तत्त्व पाळते.

जॅमची काचेची, पत्र्याच्या झाकणाची बाटली घ्यावी. झाकणाला दोन छिद्रे पाडावीत. एकात उशीचा साधा किंवा सिंथेटिक कापूस घट्ट ठासावा. हवेची वाट ती. औषधाच्या दुकानातील पांढरा कापूस वापरू नये. तो पाणी शोषतो, आणि ओल्या कापसातून बुरशी आत उतरते. दुसऱ्या छिद्रावर उष्णता सोसणारे सिलिकॉन लावून ते एक दिवस वाळू द्यावे. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात ते मिळते. सुई त्यातून घालावी; काढल्यावर भोक आपोआप मिटते. बाटलीचे झाकण पुन्हा उघडण्याचे काम नाही.

शिट्ट्या मोजू नका, घड्याळ पाहा

२०० मिलिलिटर पाण्याला चहाचा एक लहान चमचा मध पुरे. जास्त गोड केल्याने बुरशी जोमाने वाढत नाही. बाटली अर्धी-पाऊण भरावी, तळाशी काचेची एक गोटी टाकावी. पुढे पुंजके फोडण्यास ती उपयोगी पडते. कापसावर ॲल्युमिनियमचा कागद बांधावा.

नुसत्या उकळत्या पाण्याने सगळे जंतू मरत नाहीत. काही जंतू स्वतःभोवती टणक कवच करून बसतात व उकळी सोसतात. त्यांना मारण्यास सुमारे १२१ अंश उष्णता लागते, व ती प्रेशर कुकरमध्येच मिळते. कुकरच्या तळाशी जाळी ठेवून पाणी घालावे. प्रथम शिट्टी न लावता पाच मिनिटे वाफ जोराने बाहेर जाऊ द्यावी, म्हणजे आत कोंडलेली हवा निघून जाईल. हवा राहिली तर उष्णता कमी पडते. मग शिट्टी लावावी. पहिली शिट्टी झाली, की आच मंद करून घड्याळाप्रमाणे २० ते २५ मिनिटे ठेवावे. शिट्ट्यांची संख्या चुलीवर व आचेवर अवलंबून असते. तिच्यावर विसंबू नये. कुकर आपोआप थंड होऊ द्यावा. घाईने वाफ सोडली, तर बाटलीतले पाणी उसळून कापूस भिजतो.

कुकर नसेल तर इंग्लंडमध्ये जॉन टिंडल यांनी १८७७ साली दाखवलेला मार्ग आहे. ओळीने तीन दिवस रोज तासभर वाफेवर ठेवावे व मधल्या वेळी खोलीतच राहू द्यावे. कवचातले जंतू मधल्या वेळेत जागे होतात व दुसऱ्या दिवशीच्या उष्णतेत मरतात. मात्र कुकरइतका हा उपाय खात्रीचा नाही.

सुई घालताना

गोठा, पेंढ्याची उडवी व इडलीचे पीठ आंबत ठेवलेले स्वयंपाकघर यांपासून दूरची खोली निवडावी. ओल्या फडक्याने जमीन पुसावी, पंखा बंद ठेवावा, खिडक्या लावाव्यात व अर्धा तास धूळ खाली बसू द्यावी. पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा डबा उपडा घालून त्याला हात शिरण्यापुरती दोन छिद्रे पाडली, तर हवा न हलणारी पेटी तयार होते.

हात व सिलिकॉनची जागा ७० टक्के स्पिरिटने पुसावी. ७० टक्के एवढ्यासाठी, की त्यातले पाणी स्पिरिटला जंतूच्या आत शिरण्यास मदत करते. ९५ टक्के स्पिरिट लवकर उडून जाते व तितके काम करत नाही. सिरिंज दर वेळी नवी, शीलबंद घ्यावी. सुई दिव्यावर लाल होईतो तापवून निवू द्यावी. दिवा पेटीच्या बाहेर ठेवावा, व स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवाय पेटवू नये. स्पिरिटची वाफ भडकली, तर हात भाजण्यास क्षणही पुरतो.

तीन बाटल्यांची साक्ष

एवढे करूनही बाटली नासते. मग घरात तर्क सुरू होतात. कोणी कुकरला दोष देतो, कोणी सुनेच्या हाताला, तर कोणी विकणाऱ्याला. एकट्या नासलेल्या बाटलीवरून यांतले काहीच कळत नाही. म्हणून एकाच कुकरात, एकाच वेळी तीन बाटल्या कराव्यात. त्याच कुकरात साध्या पाण्याची एक छोटी बाटलीही ठेवावी.

पहिली बाटली तशीच ठेवावी. तिला सुई लावूच नये. दुसरीत नव्या सिरिंजने ते निर्जंतुक साधे पाणी सोडावे. तिसरीत मूळ कल्चर सोडावे. तिन्हींवर तारीख लिहून त्या उन्हाबाहेर शेजारी-शेजारी ठेवाव्यात व आठवडाभर पाहाव्यात.

पहिली नासली, तर दोष उष्णतेचा किंवा झाकणाचा. पहिली स्वच्छ राहून दुसरी नासली, तर दोष हाताचा, सुईचा किंवा खोलीतल्या हवेचा. पहिल्या दोन स्वच्छ आणि तिसरीच नासली, तर बहुधा मूळ कल्चरच दूषित होते. पुढल्या वेळी दुसरीकडून आणावे. दोन बाटल्यांचा चमचा-दोन चमचे मध खर्चून दोष कुठे आहे हे समजते.

चांगल्या बाटलीत पाणी नितळ असते व पुंजके पांढरे. पाणी दुधासारखे गढूळ झाले, तळाशी चिकट साका बसला, बुडबुडे आले किंवा वर हिरवी-काळी चकती तरंगू लागली, तर ती बाटली गेली असे समजावे. तोंड उघडून वास घेऊ नये व चव तर मुळीच पाहू नये.

नितळ दिसते म्हणून लगेच चाळीस बाटल्यांत घालू नये. काही जंतू पुंजक्यातच दडून बसतात. आधी ज्वारीच्या एकाच बाटलीत घालून, ती पूर्ण पांढरी होईपर्यंत थांबावे. दाणे ओले, चिकट किंवा आंबूस वाटले, तर कल्चर टाकून द्यावे. लवकर निकाल हवा असेल, तर ५० ग्रॅम बटाट्याचे २५० मिलिलिटर गाळलेले पाणी, ५ ग्रॅम साखर व ५ ग्रॅम चायना ग्रास एकत्र करून ते छोट्या बाटल्यांत कुकरमध्ये निर्जंतुक करावे. गोठलेल्या माध्यमावर कल्चरचा एक थेंब टाकावा. दोन-तीन दिवसांत चकचकीत, चिकट ठिपके उमटले, तर ते जंतू समजावेत. अळंबीचे तंतू पांढरे व कापसासारखे पसरतात.

कल्चर थेट पेंढ्यात मात्र घालू नये. गरम पाण्यात भिजवलेला पेंढा निर्जंतुक झालेला नसतो. गोड पाणी त्यातल्या जंतूंचेच पोषण करते. परीक्षेत उतरलेली बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन महिने टिकते. गुलाबी धिंगरीला मात्र थंडी सोसत नाही. ती बाहेरच ठेवावी.

आरोग्याची काळजी

नासलेली बाटली न उघडता अर्धा तास पुन्हा कुकरमध्ये ठेवावी, मगच पुरावी. वापरलेल्या सुया मुलांच्या हाती लागतील अशा टाकू नयेत. झाकणाच्या कडक डब्यात जमवून आरोग्य केंद्रात द्याव्यात. धिंगरीच्या कडा उलटून सपाट होण्याआधीच ती काढावी. त्यानंतर ती पिठासारखी बारीक बीजे हवेत सोडते, व त्यांनी काहींना खोकला, ताप व दम लागतो. काढणीस जाताना नाकातोंडाला फडके बांधावे.

ज्यांच्या दहा-बाराच पिशव्या असतील, त्यांनी यंदा तयार बियाणेच आणावे. शिरसीचे कृषी विज्ञान केंद्र किंवा धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ येथे चौकशी करावी. ज्यांना घरीच करावयाचे आहे, त्यांनी पहिल्या महिन्यात पेंढ्याला हातच लावू नये. तीन बाटल्या कराव्यात व वाट पाहावी. लागोपाठ दोन वेळा पहिली व दुसरी बाटली नितळ राहिली, म्हणजे आपली खोली व आपला हात तयार झाला असे समजून पुढे जावे.