उजवीकडून उघडणारे पुस्तक

गेल्या श्रावणात डोंबिवली पूर्वेच्या एका रद्दीच्या दुकानात, तराजूच्या पारड्यात पडलेल्या शाळकरी वह्यांच्या गठ्ठ्यातून एक पातळ पुस्तक मी सहज उचलून उघडले, तेव्हा बांधणाऱ्याने ते उलटे बांधले असावे असेच मला प्रथम वाटले. कारण जेथे आरंभ असावा तेथे समाप्तीची नक्षी होती आणि जेथे समाप्ती असावी तेथे पान फाटलेले होते. दोन-चार पाने चाळल्यावर ध्यानात आले की हे पुस्तक उजवीकडून उघडावयाचे आहे. प्रत्येक पानावर एक ठसठशीत हिब्रू अक्षर होते, त्याखाली त्याचे नाव व उच्चार देवनागरीत दिले होते, आणि समासात कोणा बालकाने शिसपेन्सिलीने चार-सहा वेळा काहीतरी गिरवून पाहिले होते. मुखपृष्ठ नव्हते, नामपत्र नव्हते, छापखान्याचे नाव वा साल नव्हते. दुकानदाराने ते वह्यांच्याच भावाने मला दिले, आणि ते घेऊन मी रस्त्यावर आलो तेव्हा एखादे बेवारशी मूल आपल्या हवाली झाले आहे अशी काहीशी भावना माझ्या मनात होती.

हिब्रू अक्षराखाली देवनागरी का, हे ठाण्याच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली उभे राहिलेले ‘शाआर हाशामायिम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार, हे प्रार्थनामंदिर ज्या बेने इस्राएल समाजाचे, त्याची मातृभाषा मराठी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज या भूमीस लागले अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले, आणि त्यांनीही आपल्या सणांना नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण अशी अस्सल मराठी नावे दिली. हिब्रू भाषा त्यांच्याकडे पुन्हा आली ती बव्हंशी एकोणिसाव्या शतकात, आणि तीही मराठीच्या हाताला धरून. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी याच समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांच्यासारख्या मुंबईच्या शाळामास्तरांनी प्रार्थनाग्रंथांची भाषांतरे केली. १९४८ च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज नंतर इस्राएलास गेला, आणि आज भारतात चार-पाच हजारच उरला आहे. त्यांतील पुष्कळ कुटुंबे मुंबई व ठाण्यात आहेत. जाताना माणसे भांडी नेतात, दागिने नेतात, प्रार्थनेची पोथी नेतात. लेकराचे मुळाक्षरांचे पुस्तक कोणी नेत नाही.

ग्रंथालयांच्या बाबतीत आमचा हा प्रांत दरिद्री नव्हे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या संग्रहालयाच्या जुन्या ग्रंथांवरील ‘स्थळप्रत’ हा शिक्का मला फार अर्थपूर्ण वाटत आला आहे: ही प्रत स्थळ सोडणार नाही, ज्याला हवी त्याने येथे यावे. परंतु मुलांच्या पुस्तकाला स्थळप्रतीचा मान क्वचित मिळतो. ते देण्याघेण्यासाठी, चुरगळण्यासाठी, धाकट्या भावाच्या हाती जाण्यासाठीच असते, आणि झिजले की फेरिस्तेतून त्याचे नाव निमूटपणे वगळले जाते.

एका स्नेही ग्रंथपालांनी मला डोंबिवली पश्चिमेच्या एका तळमजल्यावरील खोलीचा पत्ता दिला. तेथे एक ताई जुन्या ग्रंथांची दुरुस्ती करतात. वडील बांधणीकार होते, त्यांच्या हाताखाली जुजबंदी शिवण शिकल्या आणि पुढे मुंबईत कागदाच्या संवर्धनाचे रीतसर शिक्षण घेतले. दार उघडताच जो वास आला तो मला बालपणाकडे घेऊन गेला: मंद आचेवर शिजणाऱ्या खळीचा, किंचित गोडसर, ओल्या कणकेसारखा वास. त्यानंतर मी तेथे सहा वेळा गेलो, आणि खरे सांगावयाचे तर काही फेऱ्या केवळ त्या वासासाठीच झाल्या.

“वडील खळीत मोरचूद घालायचे,” ताई म्हणाल्या. “कसर लागत नाही, वाळवी येत नाही. पण तांब्यामुळे कागद पुढे जळल्यासारखा होतो, काका. मी नाही घालत.” मी विचारले, एवढ्याशा पुस्तकाला किती दिवस लागतील? “दिवसाला आठ पानं. घाई केली तर कागद फाटतो.”

दिवसाला आठ पाने. हा आकडा तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला आहे.

कामाचा क्रम थोडक्यात असा: पुस्तक उसवावयाचे, मऊ कुंचल्याने धूळ झाडावयाची, पानांना शिसपेन्सिलीने अनुक्रमांक घालावयाचे, शाई पाण्याला टिकते की नाही हे एका थेंबाने पाहावयाचे. मग येतो तो टप्पा पाहून मी थक्क झालो. लाकडाच्या लगद्यापासून, तुरटी व राळ घालून केलेल्या कागदाचा मृत्यू त्याच्या जन्मातच लिहिलेला असतो. तुरटीतील आम्ल त्याचे तंतू आतून खात जाते, आणि आपल्याकडील पावसाळ्याची दमट हवा त्या क्रियेला हातभार लावते. त्यावर ताईंचा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. पानखाऊंच्या डब्यातला तोच चुना पाण्यात विरवून, निवळून, त्या स्वच्छ पाण्यात पान अलगद बुडवावयाचे. पाण्याला हळूहळू फिक्या चहाचा रंग येतो, आणि शंभर वर्षांचे आम्ल पानातून उतरताना आपण डोळ्यांनी पाहतो. वाळल्यावर फाटक्या जागी कोळ्याच्या जाळ्याइतका पातळ जपानी कागद खळीने चिकटवावयाचा, हाडाच्या पट्टीने दाबावयाचा, आणि वजनाखाली ठेवावयाचा.

पहिल्याच भेटीत मी सुचवले होते की समासातील ती पेन्सिलीची गिरवागिरव रबराने पुसून टाकावी, म्हणजे अक्षरे उठून दिसतील. ताईंनी मान हलवली. “नको. ते कुणीतरी शिकल्याची खूण आहे. राहू दे.” निवळीत पेन्सिल विरघळत नाही असेही त्यांनी सांगितले. तेव्हा मला ही केवळ भावनेची गोष्ट वाटली होती.

त्याच मेजावर तेव्हा ठाण्याच्या एका बेने इस्राएल आजींची हगादा होती. वल्हांडणाच्या रात्री घरातील सर्वांत धाकट्या मुलाने चार प्रश्न विचारावयाचे आणि वडीलधाऱ्यांनी मिसरातून सुटकेची कथा सांगावयाची, यासाठीचा हा ग्रंथ. म्हणजे तो धर्मग्रंथ खरा, पण त्याचा श्रोता बालक आहे, आणि त्याच्या अखेरीस एका करडाचे गाणेही मुलांसाठीच असते. मराठी भाषांतरासह हगादा प्रथम १८४६ मध्ये मुंबईस शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात दुसरी छापली गेली, आणि तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसून जमिनीवर बसलेल्या दिसतात. मिसरची कथा ऐकणाऱ्या मुलाने त्यात आपली आई ओळखावी, याहून मोठे भाषांतर कोणते?

आजींची प्रत मागाहूनची व साधी होती, परंतु तिच्या एका पानावर जांभळट डागांचे एक बेट होते. काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत हा समाज मद्याच्या जागी आशीर्वादासाठी घेतो. ते कधीतरी एखाद्या लहानग्या हातून सांडले असणार. तो डागही ताईंनी ठेवला.

आजी एकदा स्वतः आल्या होत्या. त्यांनी सांगितले की ज्या पुस्तकात परमेश्वराचे नाव आहे ते जीर्ण झाले तरी जाळीत नाहीत वा फेकीत नाहीत. सन्मानाने जपून ठेवून कबरस्तानात पुरतात. “ही पण पुरायलाच काढली होती,” हगादेवर हात ठेवून त्या म्हणाल्या. “मग नातीनं इस्राएलातून फोन केला, म्हणाली, आजी, अजून नको.” मी माझे मुळाक्षरांचे पुस्तक पुढे केले आणि यालाही पुरले असते काय, असे विचारले. आजींनी ते हळुवार हाताने चाळले. “ह्यात नाव नाही. ही नुसती अक्षरं.”

त्या उत्तराने माझ्या मनातील एक गोष्ट स्पष्ट झाली. जे पवित्र, त्याला भूमी तरी आपल्या कुशीत घेते. जे मोठ्यांचे व विद्वानांचे, त्याला कपाट मिळते. जे केवळ बालकांचे, ते ना पुरले जाते ना जपले जाते, त्याची गती रद्दीचा तराजू. एखाद्या समाजाने आपल्या लेकरांना पहिल्याने काय शिकवले, हे ज्या कागदावर लिहिलेले असते तोच कागद सर्वांआधी नाहीसा होतो. १९८० साली अमेरिकेत ॲरन लान्स्की नावाच्या विद्यार्थ्याने यिडिश पुस्तके गोळा करण्यास आरंभ केला, तेव्हा जगात अशी सत्तर हजार पुस्तके उरली असतील असा तज्ज्ञांचा अदमास होता. घरांतून, माळ्यांवरून, तळघरांतून पुढे दहा लाखांहून अधिक निघाली. आमच्याकडे तितका साठा नाही, हे उघड आहे. पण ठाणे-कल्याणच्या माळ्यांवरून कोणी शोध घेतला आहे काय? दिवसाला आठ पाने या गतीने काम करणारे हात किती आहेत, आणि पाने किती?

शेवटच्या भेटीच्या दिवशी माझे पुस्तक शिवून तयार होते. कणा उजवीकडे, वेष्टनावर ताईंच्या अक्षरात ‘उजवीकडून उघडावे’ अशी चिठ्ठी. मी तसे उघडले, तर पहिले पान कोरे. फाटून गेलेल्या पानाच्या जागी तेवढ्याच मापाचा कोरा कागद शिवावयाचा, म्हणजे उणीव झाकली जात नाही आणि शिवणही ढिली पडत नाही, अशी या कामाची रीत आहे. पुस्तक मराठी रीतीने ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ती मागची बाजू होती. तीच वर्षानुवर्षे जमिनीला घासली गेली असणार, आणि हिब्रू वर्णमालेचे पहिले अक्षर, आलेफ, त्या घासण्यात गेले होते.

“काका, पुढचं पान बघा,” ताई म्हणाल्या.

पुढच्या पानावर छापलेले अक्षर ‘बेथ’ होते. परंतु समासातील पेन्सिलीची ती गिरवागिरव बेथची नव्हती. समोरच्या पानावर पाहून त्या मुलाने, एक रेघ तिरपी, तिला वर एक हात, खाली एक पाय, असे सहा वेळा काढले होते; पहिली तीन वाकडी, चौथे बरे, सहावे जवळजवळ छापल्यासारखे. या प्रतीत आलेफ आता तेवढ्या सहा जागीच शिल्लक आहे.

ते पुस्तक मी त्या स्नेही ग्रंथपालांच्या स्वाधीन केले. दाखल नोंदवहीत नाव, कर्ता, साल हे तिन्ही रकाने रिकामे राहिले. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना समास दाखवला. त्यांनी लिहिले: ‘पेन्सिलीच्या खुणा पुसू नयेत.’ आणि मग गोल शिक्का उचलून, पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात, स्थळप्रत.